एमबीबीएस नेमकं कोण चालवतं?

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीला नव्या सरकारी मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. पेढे द्यायला तिचे वडील आले, ते खिशात एक घडी घातलेला कागद घेऊनच. त्यावर कॉलेजच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेला हिशेब होता : प्राध्यापक इतके, सहयोगी इतके, सहायक इतके, रिकाम्या जागा इतक्या. "तुम्ही मेडिकलला शिकवता ना मॅडम, जरा नजर टाका. ठीक आहे ना सगळं?"

मी नजर टाकली. आकडे वाईट नव्हते. मग सवयीने विचारलं, "फर्स्ट इयरचा फेज कोऑर्डिनेटर कोण आहे?"

"ते काय असतं?"

त्यांना ठाऊक नसण्यात काहीच नवल नाही. मेडिकल कॉलेजच्या आवारात पंधरा वर्षं घालवलेल्या काही डॉक्टरांनाही ते नीट सांगता येत नाही. पण हा प्रश्न आता नुसता आमच्या भिंतींआडचा राहिलेला नाही. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात एका दिवशी दहा नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. जालना, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, गडचिरोली, भंडारा अशी नावं त्यात आहेत. देशात २०१४ च्या आधी ३८७ मेडिकल कॉलेजं होती, ती दहा वर्षांत ७८० झाली. त्यांना शिक्षक कुठून आणायचे म्हणून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, म्हणजे एनएमसीने, जुलै २०२५ मध्ये शिक्षकांच्या पात्रतेचे नियम सैल केले. त्यावर वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती "शिक्षक किती" याची. ते शिक्षक कॉलेजात नेमकं करतात काय, हे कुणी फारसं विचारलं नाही.

आधी शिडी समजून घेऊ

मेडिकल कॉलेजात शिक्षकांची शिडी तीन पायऱ्यांची असते. एमडी किंवा एमएस झाल्यावर डॉक्टर साधारण वर्षभर सीनियर रेसिडेंट म्हणून काम करतो. तो उंबरठा धरा. मग सहायक प्राध्यापक. जुनी मंडळी अजून त्याला लेक्चररच म्हणतात. चार वर्षं, ठरावीक संशोधन लेख आणि दोन छोटे अभ्यासक्रम (एक शिकवण्याच्या पद्धतींचा, एक संशोधन पद्धतींचा) पूर्ण झाले की सहयोगी प्राध्यापक. आणखी तीन वर्षं आणि आणखी लेख, की प्राध्यापक. विभागातल्या एकाच्या गळ्यात विभागप्रमुखपदाची माळ, आणि सगळ्यांच्या वर अधिष्ठाता, म्हणजे डीन.

शेजाऱ्यांच्या कागदावर होती ती ही शिडी. ती महत्त्वाची आहेच, कारण पगार, बढती आणि कॉलेजची मान्यता सगळं तिच्यावरच लटकलेलं असतं. फक्त ती सांगते कोण किती वर उभा आहे ते. मुलीचा सोमवार सकाळी नऊचा तास कोणी ठरवला, तो त्याच आठवड्यात का ठेवला, आणि त्यात ती मागे पडली तर कुणाच्या लक्षात येणार, यातलं काहीही शिडीवर लिहिलेलं नसतं.

चोपदार कुठल्या पायरीवर असतो?

वारीत चाललेल्या कुणालाही हे लगेच कळेल. ज्ञानोबांच्या पालखीसोबत शेकडो दिंड्या असतात. प्रत्येक दिंडीचा स्वतःचा विणेकरी, स्वतःचे टाळकरी, स्वतःचा मान आणि स्वतःचा क्रम. संध्याकाळी समाज आरतीला सगळ्या गोल उभ्या राहतात, चोपदार हातातला दंड उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातो आणि काय झालं ते ऐकून घेतो.

मेडिकल कॉलेजातले विभाग या दिंड्यांसारखे असतात. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, पॅथॉलॉजी, मेडिसिन, सर्जरी... प्रत्येकाचा विभागप्रमुख, प्रत्येकाचे तास, प्रत्येकाचा मान. आपापल्या अभंगात प्रत्येक जण तरबेज. विद्यार्थ्याला मात्र एकाच वाटेने सगळ्यांबरोबर चालायचं असतं. दिंड्यांमधलं अंतर राखणारा, कुठे टाळ वाजतोय ते ऐकणारा माणूस म्हणजे फेज कोऑर्डिनेटर. एमबीबीएसच्या एका टप्प्याला हल्ली 'फेज' म्हणतात, आणि त्या टप्प्याचा अभ्यासक्रम सांभाळणारा तो समन्वयक. तो प्राध्यापक असू शकतो, सहायक प्राध्यापकही असू शकतो. हे पद नव्हे, जबाबदारी आहे, आणि घोटाळ्याचं मूळही तिथेच आहे, कारण आपल्याकडे पदाला खुर्ची असते, जबाबदारीला बऱ्याचदा फक्त व्हॉट्सॲप ग्रुप असतो.

२०१९ मध्ये काय बदललं?

हे काम पूर्वीही कुणीतरी करायचंच, पण त्याशिवाय कॉलेजचं अडत नसे. १९९७ च्या नियमांवर चालणारं एमबीबीएस विषयांचं होतं. प्रत्येक विभाग आपला विषय शिकवून, परीक्षा घेऊन मोकळा व्हायचा. ऑगस्ट २०१९ च्या बॅचपासून नवा अभ्यासक्रम आला. सगळे त्याला सीबीएमई, म्हणजे कॉम्पिटन्सी-बेस्ड मेडिकल एज्युकेशन, म्हणतात. नावाचा अर्थ सरळ आहे : विद्यार्थ्याला काय माहीत आहे यापेक्षा काय करता येतं ते पाहायचं.

भाकरीचं उदाहरण घ्या. भाकरी ज्वारीच्या पिठाची असते हे माहीत असणं ही पहिली पायरी. पीठ गरम पाण्यात का मळायचं हे सांगता येणं ही दुसरी. आई शेजारी उभी असताना एक भाकरी थापून दाखवणं ही तिसरी. आणि घरात आठ पाहुणे बसले आहेत, आई गावाला गेली आहे, तेव्हा एकटीने तव्यावर भाकऱ्या टाकत राहणं ही चौथी. जॉर्ज मिलर नावाच्या अमेरिकी वैद्यकीय शिक्षकाने १९९० मध्ये डॉक्टरी शिक्षणासाठी अशाच चार पायऱ्यांचा पिरॅमिड मांडला. आपल्या नव्या अभ्यासक्रमातलं प्रत्येक कौशल्य त्यातल्या कुठल्या ना कुठल्या पायरीवर बसवलेलं आहे. जुनी परीक्षा बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवर थांबायची.

याचा शिक्षकांवर झालेला परिणाम आकड्यात पाहा. नव्या नियमांनुसार नुसती लेक्चरं एकूण वेळाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असू नयेत. उरलेले दोन तृतीयांश छोट्या गटांत, प्रात्यक्षिकांत, वॉर्डात. दीडशे मुलांना लेक्चर द्यायला एक शिक्षक आणि एक तास पुरतो. त्याच दीडशेंना पंधरा-पंधराच्या गटांत बसवलं तर दहा गट झाले. म्हणजे दहा शिक्षक एकाच वेळी हवेत, नाहीतर एका शिक्षकाने तीच गोष्ट दहा वेळा सांगायची. दहावी खेप येईपर्यंत आवाज आणि उत्साह दोन्ही बसलेले असतात, हे मी स्वतःच्या घशावरून सांगते.

शिवाय दहा जणांनी दहा प्रकारे शिकवलं तर मुलांनी परीक्षेत कुणाचं खरं मानायचं? म्हणून त्या दहा जणांना आधी एकत्र बसवावं लागतं. काय शिकवायचं, कुठवर जायचं, मुलांना काय करायला लावायचं, हे ठरवावं लागतं. ते बसवणारं कुणीतरी लागतं.

सही म्हणजे काय?

सीबीएमईबरोबर आली लॉगबुक. विद्यार्थ्याने एखादं कौशल्य किती वेळा केलं, कसं केलं, याची वही. शिकवण्याची रीतही ठरवून दिली आहे : आधी शिक्षक करून दाखवणार, विद्यार्थी पाहणार, मग हाताशी राहून मदत करणार आणि शेवटी स्वतः करणार. गावाकडचा कुठलाही गवंडी आपल्या पोऱ्याला असंच शिकवतो, त्यामुळे यात परदेशी असं काही नाही. नवीन आहे ती सही. हा पहिलाच प्रयत्न होता की पुन्हा करावा लागला, अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतका की जास्त, आणि आता हे कौशल्य झालं असं मानायचं का, हे सगळं लिहून शिक्षक खाली सही करतो.

ही सही म्हणजे 'हिचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे' असं रुग्णाला दिलेलं आश्वासन. प्रत्यक्षात टर्मच्या शेवटी विभागाच्या दारात लॉगबुकांचा गठ्ठा येतो आणि चहा निवेपर्यंत तो संपतो, हे दृश्य आमच्या क्षेत्रात कुणालाच अनोळखी नाही. मीही अशा सह्या केल्या आहेत. एका वर्षी एका मुलाने मला थेट विचारलं, "मॅम, हे मी केलेलं नाहीये, तरी सही आहे. चालेल ना?" मी ती सही खोडली. बाकीच्या खोडल्या नाहीत.

गठ्ठा टाळायचा एकच उपाय मला ठाऊक आहे. कुणीतरी दर आठवड्याला पाहायचं, कुठल्या गटाची कुठली कौशल्यं राहिली आहेत, आणि त्या-त्या शिक्षकाला आठवण करत राहायचं. पुन्हा तोच चोपदार.

एक ॲनिमिया, सात विभाग

समन्वयकाचं काम दिसतं ते जोडावर, दोन विषयांच्या मध्ये. त्यासाठी ॲनिमियाइतकं चांगलं उदाहरण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे हा विद्यार्थी उद्या कुठेही बसला तरी ही रुग्ण रोज येणार.

हिमोग्लोबिन शरीरात कसं तयार होतं ते बायोकेमिस्ट्री शिकवते. ते प्राणवायू कसा वाहून नेतं ते फिजिऑलॉजी. सूक्ष्मदर्शकाखाली लहान, फिकट पेशी दाखवते पॅथॉलॉजी. आतड्यातला हुकवर्म नावाचा जंत मायक्रोबायोलॉजीकडे, लोहाच्या गोळ्या फार्माकॉलॉजीकडे, शाळेत आणि अंगणवाडीत गोळ्या वाटायचा कार्यक्रम कम्युनिटी मेडिसिनकडे, आणि सातव्या महिन्यातली दम लागलेली बाई स्त्रीरोग विभागाकडे.

जोड बसवला नाही तर काय होतं? बायोकेमिस्ट्रीचा तास मार्चमध्ये आणि फिजिऑलॉजीचा ऑक्टोबरमध्ये पडतो, मधल्या सहा महिन्यांत पहिलं पुसलं जातं. लोहाच्या गोळीचा डोस मुलं चार वेळा ऐकतात. ती बाई गोळी मध्येच का सोडते, हे मात्र कुणीच शिकवत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं ते दुसरा शिकवेल. शौचाला काळं होतं, पोट घट्ट होतं, ती घाबरते आणि गोळ्या फडताळात जातात. किंवा सकाळच्या चहाबरोबर घेते आणि चहामुळे लोह नीट शोषलंच जात नाही. रुग्णाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची माहिती अशी सात विभागांच्या फटीत पडून हरवते.

आता हे कॉलेज गडचिरोलीत आहे असं समजा. तिथे ॲनिमियाबरोबर सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, शिकवायलाच हवा, नुसता पुस्तकातल्या यादीतला चौथा प्रकार म्हणून नव्हे. तो भाग कुणी वाढवायचा? दिल्लीतून आलेल्या अभ्यासक्रमात कौशल्यं लिहिलेली आहेत, पण तुमच्या तालुक्यातली बाई त्यात नसते. तिला आत आणण्याचा अधिकार आणि काम स्थानिक शिक्षकांचं आहे.

मी तीन वर्षं पहिल्या फेजची कोऑर्डिनेटर होते. त्यातला बराचसा वेळ गेला तो असे तास सरकवण्यात. एका विभागाकडे मी फक्त एक तास मागायला गेले होते, दोन विषय एकाच आठवड्यात यावेत म्हणून. उत्तर मिळालं, "आमचे तास कमी करू नका, इन्स्पेक्शनला दाखवावे लागतात." तासच कमी होत नव्हता, जागा बदलत होती. ते पटवायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात माझा स्वतःचा एक लेख अर्धवट राहिला, तो अजून अर्धवटच आहे.

बाकीच्या टोप्या

फेज कोऑर्डिनेटर हा एक झाला. त्याच्या वर कॉलेजची अभ्यासक्रम समिती, डीनच्या अध्यक्षतेखाली. शिक्षकांनाच शिकवायला शिकवणारा एक विभाग असतो, मेडिकल एज्युकेशन युनिट. नव्या मुलांना कॉलेजची, रुग्णालयाची ओळख करून देणारा फाउंडेशन कोर्स कुणीतरी आखतं. वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद यांचा एटकॉम नावाचा भाग कुणीतरी चालवतं. प्रत्येक शिक्षकाकडे काही मुलं मेंटी म्हणून, म्हणजे मार्गदर्शनासाठी सोपवलेली, असतात. हजेरी (लेखीला ७५ टक्के, प्रात्यक्षिकाला ८० टक्के) आणि अंतर्गत गुण वेळेवर लावायचे, मागे पडलेल्यांना वेळेवर सांगायचं, हेही कुणाच्या तरी टेबलावर असतं. बऱ्याचदा ही सगळी टेबलं एकच असतात.

यातल्या एका कामाबद्दल जरा थांबून बोलायला हवं. २०२१-२२ च्या बॅचपासून प्रत्येक विद्यार्थ्याने किमान तीन कुटुंबं 'दत्तक' घ्यायची आणि शिक्षणाच्या काळात त्यांच्या घरी जात राहायचं, असा कार्यक्रम देशभर लागू झाला. अनेकांना तो वरून आलेला नवा बोजा वाटला. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला मात्र यात नवं काही नव्हतं. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या तिथल्या मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाची मुलं आधी गांधीजींच्या आश्रमात राहून येतात. नंतर प्रत्येक बॅचला एक गाव मिळतं आणि मुलांना घरं वाटून दिली जातात. तिथे हे टिकलं, कारण गावाशी नातं राखणारे शिक्षक तिथे होते आणि ते काम त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होतं. तोच कार्यक्रम परिपत्रकातून दुसऱ्या कॉलेजात उतरला की पहिला प्रश्न येतो तो बस कोण देणार याचा. दुसरा, मुलांबरोबर कोण जाणार. तिसऱ्या भेटीपर्यंत काही ठिकाणी उरतो तो फक्त फोटो.

"चांगला डॉक्टर असला की झालं, शिकवायचं काय वेगळं?"

हा आक्षेप मला दर लग्नात ऐकायला मिळतो. जुलै २०२५ चे नियम थोडेफार याच विचारावर उभे आहेत. २२० किंवा त्याहून जास्त खाटांच्या सरकारी रुग्णालयात दोन वर्षं काम केलेला तज्ज्ञ डॉक्टर आता सीनियर रेसिडेंट न होता सहायक प्राध्यापक होऊ शकतो. दहा वर्षं काम केलेला सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो. जिल्हा रुग्णालयाचंच मेडिकल कॉलेज होत असताना ही वाट काढणं समजण्यासारखं आहे.

माझं मत सरळ आहे : या डॉक्टरांचं स्वागत व्हायला हवं. सर्पदंश, अडलेलं बाळंतपण, रात्री अडीचला ट्रॅक्टरखाली सापडलेला माणूस, हे त्यांनी जितकं पाहिलंय तितकं शहरातल्या मोठ्या कॉलेजातल्या कित्येक प्राध्यापकांनी पाहिलेलं नसतं. वॉर्डात, रुग्णाच्या उशाशी शिकवायला त्यांच्याइतकं योग्य कुणी नाही. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं ते जे. जे. रुग्णालयाला खेटूनच. वॉर्डाशिवाय डॉक्टर घडत नाही हे तेव्हाही उघड होतं.

पण वॉर्डात शिकवणं ही एक गोष्ट आणि दीडशे मुलांचं वर्ष आखणं ही दुसरी. उत्तम स्वयंपाक येणारी बाई लग्नाची पंगत सांभाळेलच असं नाही. किती पानं, कुठल्या रांगेत मीठ राहिलं, पाण्याचं पिंप कधी संपेल, हे वेगळं डोकं आहे. ते शिकता येतं. त्यासाठी कॉलेजांतल्या शिक्षकांना तीन दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण असतं. ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी वरचे अभ्यासक्रम आहेत, आणि मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात २००५ पासून फायमर नावाची फेलोशिप चालते, ज्यात शिक्षक आपल्याच कॉलेजातला एखादा शैक्षणिक प्रश्न घेऊन त्यावर काम करतो. नव्याने आलेल्या तज्ज्ञाला हे सगळं मिळेल का, की पहिल्याच महिन्यात त्याच्या हातात टाइमटेबल ठेवून सगळे निघून जातील, यावर बरंच अवलंबून आहे.

"आमच्या वेळी कुठे होत्या या समित्या? तरी डॉक्टर झालोच ना?"

झालात, आणि चांगले झालात. पण आपल्या वेळी मुलं कमी होती. युनिटमध्ये पाच-सहा विद्यार्थी असत, सरांना प्रत्येकाचं नाव ठाऊक असे, आणि संध्याकाळच्या राउंडला कुणी नसलं तर कळायचं. समन्वय सरांच्या डोक्यात होता. २०१४ च्या आधी देशात एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या, त्या दहा वर्षांत १ लाख १५ हजारांच्या पुढे गेल्या. एका डोक्यात मावायचं ते आता मावत नाही.

आणखी एक गोष्ट हळूच सांगते. "आमच्या वेळी" जे मागे पडले, ज्यांना शेवटपर्यंत टाके घालायला भीती वाटायची, जे वॉर्डात मागच्या रांगेत उभे राहून पास झाले, ते असा आक्षेप घ्यायला येत नाहीत.

"मुलं तर ॲपवरच शिकतात"

शिकतात, आणि काही ॲपवरची लेक्चरं आमच्यापेक्षा नीटस असतात हे मान्य करायला मला लाज वाटत नाही. पुढच्या प्रवेशपरीक्षेचं भूत फर्स्ट इयरपासून मानेवर बसलेलं असतं, तेव्हा वर्गात बसून वेळ घालवण्यापेक्षा खोलीत दुप्पट वेगाने व्हिडिओ पाहणं शहाणपणाचं वाटलं तर चूक काय?

मात्र त्याने वर्गाचं काम संपत नाही, बदलतं. माहिती ॲप देणार असेल तर वर्गात ते व्हायला हवं जे ॲपला जमत नाही. रक्तदाब मोजताना कफ सैल बांधला हे कुणीतरी बोट ठेवून सांगणं, रुग्णाच्या नातेवाइकाला वाईट बातमी सांगायचा सराव करून घेणं, "तू हे तीनदा चुकवलंस, मंगळवारी ये, पुन्हा करू" असं म्हणणं. मंगळवारी ये म्हणणाऱ्याच्या वेळापत्रकात मंगळवार मोकळा असायला हवा, हे मात्र ॲपवाल्यांनी नव्हे, कॉलेजने पाहायचं आहे.

मग हे काम करतं कोण, आणि का?

इथे खरी अडचण आहे. बढतीच्या अटींत वर्षं मोजली जातात, लेख मोजले जातात, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं मोजली जातात. "तीन वर्षं एका फेजचा अभ्यासक्रम सांभाळला" असा रकाना त्यात नाही. जादा पैसे नाहीत. ओपीडी, ऑपरेशन, पेपर तपासणी यांतून सूट नाही. परिणाम अपेक्षित तोच होतो. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्याकडे हे काम जातं. माझ्या पाहण्यात तो बहुतेक वेळा विभागातला सगळ्यात नवा सहायक प्राध्यापक असतो, आणि त्यातही बाई असण्याची शक्यता जास्त. त्याच्या शब्दाला वजन नसतं, म्हणून तो तीन विभागप्रमुखांना एका टेबलावर बसवू शकत नाही. मग तो सगळ्यांच्या सोयीचं टाइमटेबल करतो आणि फक्त विद्यार्थ्याची सोय राहून जाते.

सरकारी कॉलेजात त्यात बदल्यांची भर. दोन वर्षं खपून एखाद्याने घडी बसवली की तो दुसऱ्या जिल्ह्यात. त्याच्या लॅपटॉपमधल्या फाइली त्याच्याबरोबर जातात. नवा माणूस शून्यापासून.

अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांत कोर्स डायरेक्टर किंवा क्लर्कशिप डायरेक्टर ही नेमलेली भूमिका असते. आठवड्यातला ठरावीक वेळ त्यासाठी राखून ठेवायची आणि तेवढा पगार त्या कामाचा म्हणून मोजायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. शिकवण्याच्या कामावर वर चढण्याची वेगळी वाटही काही विद्यापीठांनी ठेवली आहे. सगळं आलबेल तिथेही नाही. पण निदान काम कामात धरलं जातं.

आपल्याकडे सध्या जोर आहे हजेरीवर. कागदावरच असलेल्या, प्रत्यक्षात कधीच न येणाऱ्या 'भूत' शिक्षकांचा रोग जुना आहे. म्हणून मे २०२५ पासून शिक्षकांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या आणि जागा तपासणाऱ्या मोबाइल यंत्रणेवर घेतली जाते. ते हवंच होतं. पण त्या यंत्रणेला कळतं ते इतकंच की मी सकाळी आवारात होते. आत गेल्यावर मी शिकवलं, सह्यांचा गठ्ठा संपवला, की खुर्चीत बसून आले, हे तिला कळत नाही. ज्याला ते कळायला हवं त्या माणसाला आपण वेळही दिलेला नाही आणि अधिकारही.

पालकांनी विचारावं तरी काय?

शेजाऱ्यांना मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. पदांची यादी पाहा, जरूर पाहा. मग कॉलेजात फोन करून तीन गोष्टी विचारा. या वर्षाचं टाइमटेबल कोण करतं आणि त्यांना किती वर्षं झाली? मुलगी मागे पडली तर ते पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येईल, आणि कधी? लॉगबुकवर सह्या केव्हा होतात, महिन्याला की टर्मच्या शेवटी? उत्तर देणारा अडखळला तर घाबरू नका. पण एकाच नावाची व्यक्ती तिन्ही उत्तरांत आली तर तिला नमस्कार सांगा.

त्यांनी फोन केला. ॲकॅडमिक सेक्शनने त्यांना एक नाव दिलं, विभागाने दुसरं, आणि डीन ऑफिसने "लेखी अर्ज करा" म्हणून सांगितलं. दिवाळीत मुलगी घरी आली तेव्हा मी तिलाच विचारलं, तुमच्या फेज कोऑर्डिनेटर कोण गं?

ती क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, "हां, त्या रात्री साडेअकराला टाइमटेबल पाठवणाऱ्या मॅडम होय?"